‘स्टेबल’ म्हणजे नक्की काय? एका मामेभावाचा पीसी आणि तीस वर्षांचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्या आठवड्यात जुळे सोलापुरात आमच्या अपार्टमेंटमधल्या तिघांनी मला साधारण एकच प्रश्न विचारला. त्यातला तिसरा माझा मामेभाऊ. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि सेकंडहँड घेतलेलं आरएक्स ५७० ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. तो म्हणाला, “दादा, लिनक्स टाकू काय? पण मला तबला रेकॉर्ड करायचाय, आणि गेम पण चालायला पाहिजेत. आणि सारखं बिघडून तुझ्याकडं यायला लागू नये बघ.”

उत्तर एका ओळीत देता येतं: लिनक्स मिंट टाक. तसं मी दिलंही. पण तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा सेट-नेटची तयारी करताय, आणि मुलाखतीत “हेच का निवडलं?” हा प्रश्न हमखास येतो, म्हणून हे उत्तर जरा उलगडून बघू. हेच उत्तर मी २०१० मध्ये दिलं असतं तर ते चुकलं असतं. रेकॉर्डिंगसाठी एक मशीन आणि गेमसाठी दुसरं, असं सांगावं लागलं असतं. मधल्या काळात काय बदललं?

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. २०२१ च्या दिवाळीत मी आजोबांना बोलतं करायचं ठरवलं होतं. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंगा, पाळ्या, साच्यांचा आवाज, सगळं त्यांच्याकडून ऐकून ठेवायचं होतं. तेव्हा माझ्या लॅपटॉपवर सतत अद्ययावत होणारा, म्हणजे रोलिंग प्रकारचा डिस्ट्रो होता, कारण लॅबमधल्या एका सीनियरने “रिसर्च करतोस ना, मग हेच वापर” असं सांगितलं होतं. सकाळी सवयीने सगळे अपडेट्स घेतले. संध्याकाळी चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. हेडफोन लावून तपासलं नाही. रात्री ऐकलं तर दर दोन-तीन सेकंदांनी ‘कट्’ असा आवाज आणि मधले शब्द गायब. डिस्ट्रोने काही फसवलं नव्हतं. तो जे करतो असं सांगतो तेच त्याने केलं होतं. ज्या दिवशी मोजमाप घ्यायचं त्याच दिवशी उपकरण बदललं, ही चूक माझी. प्रयोगशाळेत असं कोणी केलं असतं तर गाइडने बाहेर काढलं असतं.

तर मुद्दा ‘स्टेबल’ या शब्दाचा. मराठीत आपण त्याला ‘स्थिर’ म्हणतो आणि मनात अर्थ धरतो ‘न बिघडणारा’. लिनक्सच्या जगात या शब्दाचा मूळ अर्थ वेगळा आहे: ‘न बदलणारा’. इयन मर्डॉकने डेबियनची घोषणा केली ऑगस्ट १९९३ मध्ये. पुढे तिथे तीन शाखांची पद्धत बसली: अनस्टेबल, टेस्टिंग आणि स्टेबल. नवीन काम अनस्टेबलमध्ये येतं, तिथून टेस्टिंगमध्ये मुरतं, आणि एके दिवशी सगळं गोठवून त्याला स्टेबल म्हणतात. त्यानंतर त्यात सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या सोडल्या तर काही हलत नाही. स्टेबलमध्ये एखादी खोड असेल तर ती दोन वर्षं तशीच राहू शकते. पण ती तीच राहते, हे महत्त्वाचं. तुम्हाला तिची सवय करून घेता येते, वहीत लिहून ठेवता येते.

याची किंमतही होती. डेबियन ३.० आलं जुलै २००२ मध्ये आणि त्याच्या पुढचं ३.१ थेट जून २००५ मध्ये. तीन वर्षांत हार्डवेअर कुठल्या कुठे गेलेलं असतं. या पोकळीत, ऑक्टोबर २००४ मध्ये उबंटू आलं: डेबियनच्याच पायावर, पण दर सहा महिन्यांनी नवीन. मग लोक म्हणाले, हे फारच लवकर बदलतंय. म्हणून जून २००६ मध्ये ६.०६ ही पहिली ‘लाँग टर्म सपोर्ट’ आवृत्ती काढली गेली. ती खरं तर एप्रिलमध्ये यायची होती, पण घाई नको म्हणून काही आठवडे थांबवली. आज आपण ‘एलटीएस’ म्हणतो त्या कल्पनेचं मूळ या ओढाताणीत आहे. गोठवावं तर जुनं होतं, वाहू द्यावं तर काम मोडतं.

आपल्याकडे हे सगळं पोचलं कसं, तेही थोडं बघू, कारण ‘नवशिक्यांसाठी सोपं’ या अटीचा अर्थ गावागणिक वेगळा असतो. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. त्या वेळच्या फोनलाइनवर एवढं डाउनलोड करणं शक्यच नव्हतं, त्यामुळे अनेक भारतीयांचं पहिलं लिनक्स टपालाने नाहीतर स्टॉलवरून आलं. या उपक्रमामागच्या माणसांत एक ठळक नाव अतुल चिटणीस यांचं. जन्म बर्लिनचा, इंजिनीअरिंग बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमधून, आणि पुढे बंगळूरमध्ये ‘लिनक्स बेंगलोर’ आणि नंतर ‘फॉस डॉट इन’ या परिषदा उभ्या केल्या. २०१३ मध्ये ते गेले. सीमाभागातून शिकून गेलेल्या माणसाने देशभर लिनक्स पोचवायला हातभार लावला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही, याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं.

नंतर उबंटूने ‘शिपइट’ नावाने जगभर फुकट सीड्या पाठवल्या. २०११ मध्ये ते बंद झालं. माझ्या थोरल्या भावाच्या कपाटात त्यातली एक अजून आहे, पाकिटासकट. २००७ मध्ये सी-डॅकचं ‘बॉस’ आलं, डेबियनवरच बेतलेलं. त्याचं लक्ष सरकारी कचेऱ्या, शाळा आणि भारतीय भाषा यांच्याकडे होतं. गेम किंवा स्टुडिओ हा त्याचा विषयच नव्हता. आणि पडद्यावर मराठी नीट दिसायला लागली त्यात ‘लोहित’ फाँटचा मोठा वाटा आहे. ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडे तयार झाले आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली सगळ्यांना दिले. म्हणजे फाइलचं नाव ‘तीनताल विलंबित’ असं देवनागरीत टाकता येणं यालाही इतिहास आहे.

आता आवाज. माझ्या मते लिनक्सच्या इतिहासातलं सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण हेच, म्हणून इथे जरा थांबू.

आधी गणित करू. तबल्याचा आवाज मायक्रोफोनमधून कॉम्प्युटरमध्ये जातो तेव्हा त्याचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. ते एकेक करून हाताळत नाहीत. गठ्ठे करतात, त्याला बफर म्हणतात. २५६ नमुन्यांचा बफर असेल तर एक गठ्ठा २५६ भागिले ४८,०००, म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा. या वेळात प्रोसेसरने आधीचा गठ्ठा उचलून ठेवलाच पाहिजे. नाही उचलला तर तो गठ्ठा गेला. याला ‘एक्सरन’ म्हणतात आणि माझ्या आजोबांचे शब्द यातच गेले. बफर मोठा केला तर धोका कमी, पण मग तबलजीला हेडफोनमध्ये स्वतःचा ठेका उशिरा ऐकू येतो आणि लय हलते. नुसत्या मुलाखतीला उशीर चालतो, तिथे १०२४ चा बफर ठेवा आणि निवांत बसा. हे मला २०२१ मध्ये ठाऊक असतं तर!

म्हणजे प्रश्न वेगाचा नाही, वेळ पाळण्याचा आहे. आणि लिनक्सचं कर्नल मुळात वेळ पाळण्यासाठी घडलेलं नव्हतं, एकंदर जास्तीत जास्त काम उरकण्यासाठी घडलेलं होतं. संगीतवाल्यांनी २००० च्या सुमारासच याबद्दल आग्रह धरायला सुरुवात केली. सुरुवातीच्या ‘ओएसएस’ व्यवस्थेत बहुतेक कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्राम आवाज काढू शके. मग ‘अल्सा’ आलं आणि २.६ कर्नलपासून (डिसेंबर २००३) मुख्य व्यवस्था झालं. व्यावसायिक रेकॉर्डिंगसाठी पॉल डेव्हिसने ‘जॅक’ लिहिलं, ज्यात प्रोग्राम एकमेकांना खऱ्या केबलसारखे जोडता येतात. पण जॅक चालू केलं की ब्राउझर मुका! रोजच्या वापरासाठी म्हणून लेनार्ट पोएटरिंगचं ‘पल्सऑडिओ’ आलं, फेडोरा ८ मध्ये २००७ ला. पुढच्या वर्षी ते उबंटू ८.०४ मध्येही आलं, आणि ८.०४ ही एलटीएस आवृत्ती होती बरं का. नाव स्थिर, आत आवाजाची व्यवस्था कोरी. त्या काळातल्या तक्रारी आजही जुन्या मेलिंग लिस्टच्या संग्रहात वाचायला मिळतात. इतिहासाची प्राथमिक साधनं कशी असतात ते बघायचं असेल तर जरूर चाळा. लेबलवर काय लिहिलंय आणि आत काय आहे, हे वेगळं तपासावं लागतं.

जवळपास दहा-बारा वर्षं लिनक्सवर रेकॉर्डिंग करणाऱ्याला या दोन व्यवस्थांमध्ये उड्या माराव्या लागल्या. ही गाठ सुटली ती वेगळ्याच दिशेने. रेड हॅटच्या विम टेमन्सने २०१५ च्या आसपास व्हिडिओसाठी एक काम सुरू केलं होतं. पडद्यावरचं चित्र आणि कॅमेरा प्रोग्रामना सुरक्षितपणे वाटून देणं हा त्याचा हेतू होता. त्याचंच पुढे ‘पाइपवायर’ झालं आणि त्याने आवाजही आपल्याकडे घेतला: पल्सऑडिओसाठी लिहिलेले प्रोग्राम आणि जॅकसाठी लिहिलेले प्रोग्राम, दोन्ही त्याच्यावर चालतात. एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने ते पहिल्यांदा मुख्य म्हणून स्वीकारलं. १.० आवृत्ती आली नोव्हेंबर २०२३ मध्ये. जुलै २०२४ च्या लिनक्स मिंट २२ मध्ये तेच मूळ व्यवस्था म्हणून आहे. तारखा नीट बघा: माझी दिवाळी २०२१ ची. मी या बदलाच्या ऐन मध्यावर उभा होतो आणि मला पत्ताच नव्हता.

कर्नलच्या बाजूचं कामही पूर्ण झालं. ‘प्रीएम्प्ट आरटी’ हे वेळ काटेकोर पाळायला लावणारं काम सुमारे वीस वर्षं बाहेरच ठिगळासारखं जोडावं लागायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात थॉमस ग्लाइक्सनरने त्याची विनंती कागदावर छापून, सोनेरी कागदात गुंडाळून लिनस टोरवाल्ड्सच्या हातात दिली, आणि त्या नोव्हेंबरच्या ६.१२ कर्नलमध्ये ते मुख्य झाडात आलं. मामेभावाच्या एका तबल्यासाठी याची गरज नाही, साधं कर्नल पुरतं. पण तुमच्यापैकी कोणी सेन्सरच्या नोंदी मिलिसेकंदांत घेणार असेल तर हे लक्षात ठेवा.

रेकॉर्डिंगचा आपल्या राज्यातला सगळ्यात मोठा धडा मात्र आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे तयार करतो आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचं डबिंग होतं. आवाजासाठी ऑडॅसिटी, पडदा टिपायला ‘रेकॉर्डमायडेस्कटॉप’ अशी साधी साधनं. रेकॉर्डिंग करणारे बहुतेक शिक्षक आणि विद्यार्थी, स्टुडिओतले लोक नव्हेत. धड्याच्या सुरुवातीलाच उबंटूची आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगितली जाते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कंटाळवाणं वाटलं होतं. आता कळतं की हाच सगळ्यात शास्त्रीय भाग आहे. पाच वर्षांनी कोणी धडा बघितला आणि बटण सापडलं नाही तर दोष कोणाचा, ते त्या एका वाक्यावरून कळतं. तुमच्या थीसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात डिस्ट्रो, कर्नल आणि बफर लिहा असं मी सांगतो ते याचमुळे.

गेमिंगची गोष्ट थोडक्यात, कारण ती जास्त सांगितली जाते. ‘वाइन’ हा विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्याचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! वाल्वने फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आणलं, पण गेम फार थोडे. खरी कलाटणी २०१८ ची. फिलिप रेबोले याला ‘निअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डायरेक्ट-एक्सचं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारं ‘डीएक्सव्हीके’ लिहिलं. (एका हट्टी माणसाच्या छंदातून अख्खं क्षेत्र हललं, अशी उदाहरणं पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात फार धीर देतात.) ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन आणि हे भाषांतर एकत्र करून वाल्वने ‘प्रोटॉन’ काढलं. तेव्हा अधिकृत यादीत २७ गेम होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक बाजारात आलं तेव्हा हजारो गेम चालत होते.

इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. रेकॉर्डिंगला न बदलणारा पाया पाहिजे. गेमला नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर पाहिजेत, म्हणजे बदलणारा पाया. आणि गेमसाठी ३२ बिटच्या जुन्या लायब्ररीही लागतात, त्या वेगळ्याच. जून २०१९ मध्ये उबंटूने ३२ बिट पॅकेज बंद करायची घोषणा केली. वाल्वच्या बाजूने लगेच सांगण्यात आलं की मग स्टीम त्यावर अधिकृतपणे देणार नाही. काही दिवसांतच उबंटूने निर्णय फिरवला.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२१ चा, नवशिक्यांना काय भोगावं लागतं याचा. ‘लिनस टेक टिप्स’चा लिनस सेबॅस्टियन पॉप ओएस वर स्टीम टाकायला गेला. पॅकेजच्या अवलंबनांत गोंधळ होता, आणि इन्स्टॉलरने सांगितलं की स्टीमसाठी डेस्कटॉपच काढावा लागेल, खात्री असेल तर अमुक वाक्य टाइप करा. त्याने टाइप केलं. डेस्कटॉप गेला. लाखो लोकांनी पाहिलं. जुनेजाणते म्हणाले, इशारा वाचायला नको का? पण नवशिक्याला प्रत्येकच ओळ इशाऱ्यासारखी दिसते, तो कोणती मनावर घेणार? पॉप ओएसवाल्यांनी दुरुस्ती केली आणि पुढे डेबियनच्या ‘ॲप्ट’मधली ती वाक्य टाइप करून पुढे जायची सोयच काढून टाकली गेली. ‘सोपं’ म्हणजे सुंदर आयकॉन असा समज असेल तर या प्रसंगाकडे बघा. चुकल्यावर परत येता येतं का, ही माझी सोपेपणाची कसोटी आहे.

मिंट का, ते आता सांगता येईल. २००६ चा हा डिस्ट्रो, आणि २०१४ च्या १७ व्या आवृत्तीपासून फक्त उबंटूच्या एलटीएसवर उभा. २२ ची मालिका २४.०४ वर आहे आणि तिला २०२९ पर्यंत आधार आहे. पाया गोठलेला, पण आवाज पाइपवायरचा, म्हणजे गोठवणं योग्य वेळी झालेलं. २०१७ च्या १८.३ पासून ‘टाइमशिफ्ट’ सोबत येतं: अपडेटच्या आधी सिस्टिमची स्थिती जपून ठेवायची आणि बिघडलं तर मागे जायचं. तुमच्या फाइलींचा बॅकअप ते घेत नाही, तो वेगळा घ्यायचा. हे लोक विसरतात. स्टीम आपल्यासोबत स्वतःच्या लायब्ररी घेऊन येतं आणि प्रोटॉन स्टीममधूनच अद्ययावत होतं, म्हणून गेमची बरीचशी बदलती बाजू आता डिस्ट्रोच्या बाहेर राहते. वरची ओढाताण बऱ्याच अंशी यामुळे सैल झाली. आरएक्स ५७० चा ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच असतो, वेगळा शोधावा लागत नाही. आजच आलेलं ग्राफिक्स कार्ड असतं तर मी कदाचित फेडोरा सांगितलं असतं, आणि रोज आठ तास स्टुडिओच चालवायचा असता तर उबंटू स्टुडिओ. डेबियन १३ पण चांगलं आहे, पण बारावीतल्या पोराला पहिल्याच दिवशी नको.

जे होत नाही ते मी आधीच सांगून टाकलं. चीटिंग रोखणारी सॉफ्टवेअर जिथे कर्नलमध्ये घुसतात तिथे लिनक्स बाहेर. व्हॅलोरंट चालत नाही. एपेक्स लेजेंड्स चालायचा, पण ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ईएने लिनक्सवाल्यांना बंदी घातली. हा तांत्रिक अडथळा कमी आणि कंपनीचा निर्णय जास्त, त्यामुळे कोणताही डिस्ट्रो बदलून तो सुटत नाही. “मग व्हॅलोरंटचं काय करू ओ?” असं तो म्हणालाच. मित्राच्या घरी जा म्हटलं.

गेल्या रविवारी मिंट टाकलं. मेमध्ये इथे पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणं म्हणजे शिक्षा, पण नोव्हेंबरात चालतं. यूएसबी इंटरफेस लावला, ड्रायव्हर न टाकता ओळखला गेला. बफर २५६, अर्धा तास सलग तबला, एक्सरन शून्य. मग त्याच मशीनवर ओबीएसने गेम खेळतानाचा पडदा आणि माइक एकत्र टिपला, तिथे एकदा-दोनदा अडखळलं. गेमला ६० फ्रेमसाठी प्रत्येकी १६.७ मिलिसेकंद लागतात आणि प्रोसेसर जुना आहे. ओबीएसमध्ये एन्कोडिंगचं काम ग्राफिक्स कार्डाकडे दिलं आणि अडखळणं थांबलं. कर्नलचा आकडा, पाइपवायरची आवृत्ती आणि बफर त्याच्या तबल्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहायला लावलंय, तीनतालाच्या बोलांच्या वर.

संध्याकाळी आजोबांना आणून बसवलं. या वेळी बफर १०२४, हेडफोन माझ्या कानात. चार वर्षांपूर्वी सांगितलेली भोंग्याची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही. “ते सांगून झालंय की तुला,” म्हणाले, आणि संपाच्या दिवसांवर बोलत राहिले.